तमाशातील रात्र आणि विठाबाई नारायणगावकर

१

ज्या कलावंताची कला प्रयोगाबरोबर जन्मते आणि प्रयोगाबरोबरच विराम पावते, त्याचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. कवीमागे संहिता उरते, शिल्पकारामागे पाषाण उरतो. फडावरील कलावंतामागे मात्र प्रामुख्याने आठवणी उरतात. या आठवणी जसजशा एकमुखाने दुसऱ्या मुखाकडे जातात तसतसे त्यांतील कलेचे तपशील झिजतात आणि कथेचे तपशील बळावतात. काही काळाने कलावंताच्या नावाभोवती दोनचार गाणी आणि एखादी चमत्कारसदृश हकीकत एवढेच शिल्लक राहते. जनमानसाचे समाधान तेवढ्याने होत असेल. अभ्यासकाचे होता कामा नये.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. त्यांचे नाव निघताच ऐकणारा प्रथम एक प्रसंग सांगू लागतो. भर प्रयोगात त्यांना प्रसूतिवेदना सुरू झाल्या, पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहण्यास सिद्ध झाल्या, ही ती हकीकत होय. ती विलक्षण आहे यात संशय नाही. तथापि तिच्या तेजामुळे एक साधा प्रश्न झाकोळला गेला आहे. ज्या प्रयोगाकडे परतणे या बाईंना इतके अगत्याचे वाटले, त्या प्रयोगात असे काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी लोकप्रिय लावणीपलीकडे जाऊन गण, गौळण, बतावणी आणि वग हे रात्रीचे कमी चर्चिले जाणारे भाग ध्यानात घेतले पाहिजेत.

२

आरंभ फडाच्या नावापासूनच करणे इष्ट ठरेल. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावात चार घटक आहेत. पहिला स्त्रीचे स्वतःचे नाव. दुसरा पित्याचे. तिसरा जातीचे आणि चौथा गावाचे. रूढ मराठी नामपद्धतीत विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व त्याचे आडनाव येते. येथे दोन्ही नाहीत. पित्याकडील खुडे हे आडनावही या नावात नाही. त्याऐवजी जो क्रम आहे तो फडाच्या वारशाचा आहे. नारायण खुडे यांनी उभा केलेला फड, तो पुढे नेणारे भाऊ आणि बापू हे बंधू, आणि भाऊंची कन्या विठाबाई अशी ही परंपरा होय. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे जोडनाव महाराष्ट्रभर गाजले होते. विठाबाईंनी त्यातील ‘भाऊ’ आपल्या नावात राखला आणि त्याच्याही अगोदर स्वतःचे नाव ठेवले.

‘मांग’ हा घटक विशेष विचारणीय आहे. जे नाव समाजाने हीनत्वदर्शक म्हणून उच्चारले, तेच येथे कसबाची खूण म्हणून जाहिरातीच्या कागदावर उघडपणे छापले गेले. ‘नारायणगावकर’ हा घटक उलट दिशेने काम करतो. खुडे घराणे मूळचे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे, आणि विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा. असे असूनही नारायणगाव हे नाव त्यांना चिकटले, कारण फडाचे बिऱ्हाड तेथे होते. सातारकर, खेडकर, सांगवीकर, धवळपुरीकर ही तमासगिरांची नावे पाहिली म्हणजे ‘-कर’ हा प्रत्यय या व्यवसायात जन्मस्थानापेक्षा ओळखीचे स्थान सुचवितो, असे अनुमान करण्यास जागा आहे. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांनीच गावाचे नाव सर्वदूर नेले, ही विसंगती या प्रत्ययात साठलेली आहे.

या नावाला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या जीवनक्रमाची बैठक आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावात होळी-पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे यात्रा-कमिटीचे लोक तेथे येतात, फडमालकाशी बोलणी करतात आणि चैत्र-वैशाखातील जत्रेची सुपारी ठरवितात. दिवसा बैलगाडा शर्यतीचा घाट आणि रात्री तमाशा, हे या भागातील यात्रेचे परिचित रूप. म्हणून येथील प्रेक्षक अनुभवी असतो. त्याने या वर्षी पाहिलेल्या फडाची तुलना तो गेल्या वर्षीच्या फडाशी करतो, शेजारच्या गावाने आणलेल्या फडाशी करतो, आणि ती बोलून दाखवितो. विठाबाईंची कला ज्या चाळणीतून गेली ती ही होय. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव १९५७ आणि १९९० या वर्षी झाला. परंतु त्याअगोदर आणि त्यानंतर प्रतिवर्षी त्यांना कवठ्याच्या, मंचरच्या, ओतूरच्या प्रेक्षकांपुढे नव्याने परीक्षा द्यावी लागत असणार, हे विसरता येत नाही.

३

तमाशाची रात्र ही एक रचना आहे. तिच्यातील एकच भाग उचलून त्यावरून कलावंताची योग्यता ठरविणे म्हणजे एका ओवीवरून ग्रंथाचा निर्णय करण्यासारखे आहे. प्रथम ढोलकी व हलगीचा कडकडाट होतो. तुणतुणे आणि झांज त्यात मिळतात. मग गण. त्यात गणेशाला आवाहन असते आणि त्याची भाषा प्रौढ, समासयुक्त, क्वचित पुराणिकाच्या वळणाची असते. गणानंतर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने रंगविलेली मावशी ही तेथील पात्रे. पौराणिक कथावस्तू पाहता पाहता गावच्या पाणवठ्यावर उतरते आणि भाषाही तिच्यामागोमाग खाली येते. त्यानंतर बतावणी, रंगबाजीची गाणी आणि अखेरीस वग.

या क्रमाकडे भाषेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, एका रात्रीत प्रेक्षक मराठीच्या चार-पाच पातळ्यांवरून फिरून येतो. स्तोत्राची भाषा, श्लेषाची भाषा, बाजाराची भाषा, शृंगाराची भाषा आणि दरबाराची भाषा एकाच बोर्डावर एकामागून एक उभ्या राहतात. ढोलकीफडाच्या प्रमुख स्त्री-कलावंताला या बहुतेक पातळ्यांवर वावरावे लागते. संगीतबारीत लावणी हा केंद्रबिंदू असतो आणि बैठकीतील अदाकारीला तेथे अवसर मिळतो. ढोलकीफडात मात्र गाणारी, नाचणारी आणि वगात नायिकेची भूमिका करणारी स्त्री बहुधा एकच असते. गौळणीतील थट्टेखोर पोरगी मध्यरात्रीनंतर राणी होते, आणि त्याच प्रेक्षकांनी तिला राणी मानावे लागते. एक तासापूर्वी जिच्यावर शिट्ट्या वाजल्या तिच्याच दुःखाने मंडप स्तब्ध व्हावा, ही मागणी साधी नव्हे.

विठाबाईंचे मोठेपण या संक्रमणात शोधले पाहिजे. त्यांनी नृत्याचे वा गायनाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. लावणी, गौळण, भेदिक हे प्रकार त्यांच्या कानांवर बालपणापासून पडत होते आणि फड हीच त्यांची शाळा होती. अशा शिक्षणाचा एक विशेष असा की, त्यात भाग वेगळे शिकविले जात नाहीत. मूल पूर्ण रात्र ऐकते, म्हणून त्याला पूर्ण रात्र येते. ‘मुंबईची केळेवाली’, ‘रक्तात न्हाली कुऱ्हाड’ यांसारख्या वगांशी त्यांचे नाव जोडले जाते, याचा अर्थच असा की समकालीन प्रेक्षकांच्या लेखी त्या केवळ लावणीसम्राज्ञी नव्हत्या, वगाच्या नायिकाही होत्या. पुढील काळात लावणीची कीर्ती वाढली आणि वगाची स्मृती मागे पडली. त्यात त्यांच्या कलेचा निम्म्याहून अधिक भाग अनुल्लेखित राहिला.

४

हा अनुल्लेख का झाला, याची कारणे कलेच्या स्वरूपातच आहेत. लावणी सुटी करता येते. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. ध्रुपद आणि दोन कडवी तेवढ्यात बसतात. चित्रपटालाही तेवढेच हवे होते. बतावणी आणि वग मात्र सुटे होत नाहीत. त्यांचा प्राण समोरच्या माणसात असतो.

बतावणीचे तंत्र पाहण्यासाठी नमुन्यादाखल एक संवाद कल्पिता येईल. राजा विचारतो, ‘‘शिपाई, राज्याची हालहवाल काय?’’ सोंगाड्या उत्तरतो, ‘‘हाल म्हणाल तर लई हाईत, सरकार, हवाल तेवढा हवालदाराकडं हाय.’’ या दोन वाक्यांत किती क्रिया घडतात ते पाहावे. राजा नागर भाषेत बोलतो, शिपाई बोलीत. राजाने वापरलेला जोडशब्द शिपाई फोडतो. पूर्वार्धाचा अर्थ ‘कष्ट’ असा बदलतो आणि उत्तरार्धाला सरकारी अधिकाऱ्याच्या पदनामाशी जुळवितो. शब्द राजाचाच असतो, पण परत येताना तो रयतेची तक्रार घेऊन येतो. आणि ‘सरकार’ हे संबोधन राजालाही लागू पडते व पुढच्या रांगेत बसलेल्या अंमलदारालाही. हा विनोद कागदावर अर्धाच उरतो. बाकीचा अर्धा त्या गावचा हवालदार त्या रात्री मंडपात आहे की नाही यावर अवलंबून असतो.

सोंगाड्याचे हे कसब सर्वश्रुत आहे. आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे नाव लावणाऱ्या वसंत अवसरीकरांसारख्या कलावंतांनी त्यावर कीर्ती मिळविली. तथापि सोंगाड्याच्या समोर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या कसबाचा विचार क्वचित होतो. श्लेष फेकला जातो तेव्हा तो झेलणारी व्यक्ती किती क्षण थांबते, हसू किती दाबते, प्रतिप्रश्न कोणत्या शब्दावर घेते, यावर विनोदाचे यश ठरते. सोंगाड्याने संहितेबाहेर उडी घेतली तर तिला कथानकाची दोरी हातात ठेवून त्याला परत आणावे लागते. फडाची मालकीण आणि वगाची नायिका एकच असेल तर ही दोरी दुहेरी होते. मंडपातील लोक किती रमले आहेत, प्रसंग लांबवावा की आवरावा, पहाट किती दूर आहे, हे हिशेब तिला भूमिकेत राहून करावे लागतात. ही कला टाळ्यांत मोजली जात नाही. किंबहुना ती जितकी सफाईदार तितकी अदृश्य.

या संदर्भात मिल्मन पॅरी आणि अॅल्बर्ट लॉर्ड यांच्या संशोधनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील वीरगीतगायकांचे ध्वनिमुद्रण केले आणि लॉर्ड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, मौखिक परंपरेतील गायक पाठांतर म्हणून दाखवीत नाही; ठरीव शब्दबंधांच्या व प्रसंगांच्या साहाय्याने तो प्रत्येक प्रयोगात काव्याची नव्याने रचना करतो. वगालाही हे सूत्र पुष्कळ अंशी लागू पडते. कथानकाचा सांगाडा आणि गाणी ठरलेली असतात. संवाद उभ्या उभ्या घडतात. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. वीरगीतगायक एकटा असतो. तमाशात रचना अनेकांच्या मुखांतून होते, आणि सुरत्यांची झील ही त्यातील जोडणी असते. झील मुख्य गायिकेला श्वास घेण्यास वाव देते, पुढील ओळ सुचण्यास अवकाश देते आणि प्रेक्षकाला ऐकलेल्याची उजळणी करवून देते. म्हणून तमाशातील ‘कर्ता कोण’ या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येत नाही. विठाबाईंच्या थोरवीचे वर्णन करतानाही त्यांच्या मागे उभे असलेले ढोलकीवाले, हलगीवाले आणि सुरते यांना वगळले तर वर्णन खोटे ठरेल.

५

आता त्या प्रसिद्ध हकीकतीकडे वळावयास हरकत नाही. तिच्या सांगण्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. कथेचा शेवट प्रेक्षकांवर होतो. बाई परत आल्या, तेव्हा झाला प्रकार लोकांच्या ध्यानी आला आणि त्यांनी आदराने खेळ थांबविला, असे सांगितले जाते. म्हणजे लोककथेने या प्रसंगाला जो अर्थ दिला तो प्रेक्षकाच्या माणुसकीचा आहे. ऐकणाऱ्यालाही त्या मंडपात स्वतःला बसविता येते आणि आपणही उठलो असतो, असे समाधान मिळते.

वस्तुस्थिती या समाधानाला पुष्टी देत नाही. विठाबाईंच्या अखेरच्या काळातील आर्थिक हलाखी आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी दात्यांकडे पाहण्याची आलेली वेळ सर्वज्ञात आहे. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले, आणि कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, कन्या मंगला बनसोडे आदींना तो मिळाला. पुरस्कार योग्यच आहे. परंतु पठ्ठे बापूरावांपासून (१८६६–१९४५) हाच क्रम चालत आलेला दिसतो. उमेदीत जयजयकार, वार्धक्यात विपन्नता, मृत्यूनंतर गौरव. यातील करुणरसावर लिहिणे सोपे असते, आणि म्हणूनच योगीराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे चरित्र सिद्ध केल्यावरही चर्चा बहुधा आयुष्याचीच झाली, तमाशाची कमी.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कणव आणि रसग्रहण या दोन भिन्न वृत्ती आहेत. कणव कलावंताला सोसणारी व्यक्ती म्हणून पाहते. रसग्रहण तिला करणारी व्यक्ती म्हणून पाहते. दगडाने नाळ तोडणाऱ्या स्त्रीविषयी कणव वाटणे उचित आहे. पण तिला पुन्हा बोर्डावर नेणारी जी शक्ती ती केवळ भाकरीची विवंचना होती असे मानणे म्हणजे तिच्या कलानिष्ठेचा अधिक्षेप करणे होय. आणि ती केवळ कलानिष्ठा होती असे मानणे म्हणजे तिच्या दारिद्र्याला सजविणे होय. फडाच्या अर्थव्यवहारात ठरलेला खेळ अर्धवट राहणे हे साऱ्या संचाच्या मजुरीवर आलेले संकट असते. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याचे धैर्य समीक्षेने दाखविले पाहिजे.

तमाशाविषयी शिष्टसमाजाचा दृष्टिकोण आरंभापासून दुभंगलेला आहे. स्वातंत्र्योत्तर प्रारंभीच्या काळात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी आणली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मार्गाने शुद्धीकरणाच्या अटींसह तो पुन्हा उभा राहिला. ‘लोकनाट्य’ हे प्रतिष्ठित नाव त्याच सुमारास रूढ झाले. त्यामुळे तमाशाला रंगभूमीवर प्रवेश मिळाला खरा, परंतु जे शुद्धीकरणात टिकत नाही, म्हणजे बतावणीतील हजरजबाबी उद्धटपणा, त्याची नोंद करण्याची गरज कोणास फारशी भासली नाही.

६

प्रत्यक्ष प्रयोगाचे महत्त्व ओळखणारा श्रोता काय करू शकतो, याचे एक उदाहरण सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात सापडते. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाने आपल्या श्रोत्यांना कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यास मोकळीक दिली होती आणि १९८४ पासून अशा श्रोत्यांसाठी वेगळी जागाही राखली. परिणामी जेरी गार्सिया या गिटारवादकाची १९९५ मध्ये अखेर झाली तेव्हा त्याच्या असंख्य रात्री श्रोत्यांच्या संग्रही होत्या. एकच गीत निरनिराळ्या वर्षी कसे वाढले, कोठे रेंगाळले, कोठे फसले हे त्यांना तुलनेने सांगता येते. प्रसिद्ध गीतापेक्षा आडबाजूच्या गीताची एखादी रात्र त्यांना अधिक मोलाची वाटते. रसिकतेची ही प्रौढ अवस्था होय. जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकातही ती होती; ‘त्या साली त्या गावच्या यात्रेत झालेला वग’ अशा भाषेत बोलणारे वृद्ध या भागात आढळतात. उणीव होती ती यंत्राची आणि विद्यापीठीय आस्थेची.

दरम्यान ती रात्रच आक्रसत चालली आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले. वेळेची सवलत न मिळाल्यास खेळ लवकर आटोपावा लागतो, आणि आटोपताना प्रथम वगाला कात्री लागते. चित्रपटगीतांवरील नृत्यांनी मधला वेळ व्यापला आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे यात्रा झाल्या नाहीत आणि फडांचा हंगाम बुडाला. कांताबाई सातारकर याच काळात, मे २०२१ मध्ये निवर्तल्या. तमाशातील प्रयोगभाषेचे ज्ञान माणसांच्या देहात साठलेले असते. अशी एक व्यक्ती गेली म्हणजे ते ज्ञान जाते, आणि त्याची दुसरी प्रत नसते.

या परिस्थितीत भाषाभ्यासकाचे कर्तव्य मर्यादित असले तरी निश्चित आहे. फडांच्या जुन्या बाडांचा शोध, हयात सोंगाड्यांच्या व सुरत्यांच्या मुखातून बतावण्यांची ध्वनिमुद्रणे, एकाच वगाच्या निरनिराळ्या गावी झालेल्या प्रयोगांची तुलना, फडांच्या नामपद्धतीची नोंद ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावातील राहुट्यांत त्यांतील पुष्कळ सामग्री एकाच ठिकाणी भेटते. अशा कामातून विठाबाईंचा आवाज परत येणार नाही. पण ज्या रात्रीच्या मध्यभागी त्या उभ्या होत्या तिची रचना तरी समजेल. आणि मग त्या प्रसिद्ध हकीकतीचा अर्थही बदलेल. पडद्यामागे काय घडले हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पडद्यापुढे काय चालले होते, हे अजून लिहावयाचे आहे.